मालवण सागरी अभयारण्य : स्कूबा पर्यटन आणि प्रवाळांचे संरक्षण

मालवणच्या किनाऱ्यासमोरील कुरटे या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी आरंभिली. किल्ल्याचा इतिहास सर्वपरिचित आहे. तटाखालच्या पाण्यातील जीवसृष्टीकडे मात्र शासनाचे लक्ष फार उशिरा गेले. १९८७ साली येथील २९.१२ चौ. कि. मी. क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यांपैकी किल्ला, पद्मगड व भोवतालचे बुडालेले खडक मिळून ३.१८ चौ. कि. मी. क्षेत्र हा त्याचा गाभा होय.

या खडकांवर पोरायटिस, टर्बिनेरिया, फॅव्हाइट्स इत्यादी प्रवाळ आढळतात. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असतो. त्यांच्या ऊतींत राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशसंश्लेषणाने अन्न पुरविते. म्हणून प्रवाळांना उथळ व प्रकाशयुक्त पाणी लागते. पोरायटिसच्या घुमटाकार वसाहती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ताटाएवढी वसाहत तयार होण्यास एक पिढी जाते, ती मोडण्यास एक लाथ पुरते.

गिरगाव, परळ, लालबाग येथील चाकरमान्यांना मालवण ठाऊक होते ते मासळी, दशावतार आणि गणपतीसाठी. त्यांची पुढची पिढी आता तेथे स्कूबा करावयास जाते. त्यांपैकी पुष्कळांना पोहताही येत नाही. पाण्यात शरीर ना बुडणारे, ना वर येणारे, असे तोलून धरणे हे या विद्येतील मुख्य कौशल्य. ते काही मिनिटांच्या सूचनांनी साध्य होत नाही. तोल गेलेला नवखा माणूस स्वाभाविकपणे जवळच्या खडकाला धरतो किंवा त्यावर उभा राहतो. पायांतील पंखांनी उडालेला गाळ प्रवाळांवर बसतो व प्रकाश अडवितो. छायाचित्रासाठी मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकला जातो, तेव्हा काही धीट जातीच तेवढ्या गोळा होतात. याहून मोठी हानी नौकेच्या नांगराने होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांचा समावेश आहे. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी, २०२० साली, हाजी अली व वरळी येथील प्रवाळ स्थलांतरित करावे लागले ते याच कायद्यामुळे. मालवणात तोच कायदा आहे, परंतु तेथे हानी एखाद्या प्रकल्पाने न होता सहलीच्या गर्दीने थोडीथोडी होते, त्यामुळे तिची जबाबदारी कोणावरच येत नाही.

अभयारण्यास मच्छीमारांचा विरोध झाला, तो उपजीविकेच्या भयापोटी. ज्या खडकांपाशी जाळे टाकण्यावर निर्बंध, तेथेच पर्यटकांची नौका नांगर टाकते, ही विसंगती त्यांना बोचणे साहजिक आहे. अर्थात आज त्यांच्यातील अनेक कुटुंबे याच पर्यटनावर जगतात, त्यामुळे सरसकट बंदी हा उपाय न्याय्य ठरणार नाही. गाभाक्षेत्रात कायमचे बोये बसवून नौका त्यांनाच बांधणे, एका वेळी उतरणाऱ्यांची संख्या ठरविणे आणि नवख्यांना आधी वाळूच्या तळावर सराव देणे, एवढे तरी शक्य आहे. बोये नेमके कोठे असावेत, हे ठरविताना मच्छीमारांचा सल्ला आधी घ्यावा लागेल. पाण्याखालचा कोणता खडक कोठे आहे, हे त्यांना नकाशाविना ठाऊक असते.