फुकटची मच्छरदाणी लोक वापरतात का?

"फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते" हे आपण घरी कितीदा तरी ऐकलंय. मलेरिया रोखण्यासाठी वाटल्या जाणाऱ्या कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्यांबद्दलही हाच वाद होता. एक बाजू म्हणे, थोडे पैसे घ्या; ज्याला गरज आहे तोच घेईल आणि वापरेल. दुसरी म्हणे, पैसे लावले तर गरीबच बाहेर राहतील. तुम्ही हे कसं तपासलं असतं?

जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपा यांनी हे पश्चिम केनियात तपासलं. त्यांचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. गरोदर महिलांच्या तपासणी केंद्रांना त्यांनी यादृच्छिक पद्धतीने वेगवेगळे दर ठरवून दिले. कुठे फुकट, कुठे जास्तीत जास्त ४० शिलिंग, म्हणजे साधारण ०.६० डॉलर.

पण इथे एक मेख आहे. पैसे देणारी बाई मच्छरदाणी जास्त वापरते असं समजा दिसलं, तर ते पैसे मोजले म्हणून, की तिला मुळातच गरज जास्त होती म्हणून? हे वेगळं करायला त्यांनी काही केंद्रांत, जाहीर दराने घ्यायला तयार झालेल्या महिलांना ऐनवेळी सोडत काढून सूट दिली. म्हणजे घेण्याची तयारी सारखी, मोजलेले पैसे मात्र वेगळे. शिवाय "वापरता का?" एवढंच विचारून ते थांबले नाहीत. घरी जाऊन मच्छरदाणी टांगलेली आहे का, हे पाहिलं.

निकाल काय आला? किंमत शून्यावरून ०.६० डॉलरवर जाताच घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के बिंदूंनी घसरलं. आणि फुकट मिळालेल्यांनी वापर कमी केला, असा पुरावा सापडला नाही.

ही घसरण साधी नाही. गरोदरपणातल्या मलेरियामुळे आईला रक्तक्षय होतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. शिवाय या जाळीवर बसलेला डास मरतो, त्यामुळे पुरेशा घरांत ती असली की शेजाऱ्यांनाही संरक्षण मिळतं.

मात्र हा निकाल जसाच्या तसा गडचिरोलीला लावू नका. उकाड्यात अंगणात झोपणारा माणूस जाळी टांगणार कशाला? हा प्रश्न किमतीचा नाहीच. "मिळाली", "टांगली" आणि "रात्री तिच्याखाली झोपले" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या प्रस्तावात यातली नेमकी कोणती मोजणार, ते आधी लिहा.