कंपनीचा कर शेवटी भरतं कोण?



"कंपन्यांवरचा कर वाढवा, सामान्य माणूस सुटेल," असं पुष्कळ जण म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण कंपनी कायद्याने 'व्यक्ती' असली तरी तिला पोट नाही, संसार नाही. कर ती भरते, पण पैसा शेवटी कुणातरी माणसाचाच जातो. भागधारकाला नफा कमी मिळतो, कामगाराला पगार कमी मिळतो, नाहीतर गिऱ्हाईक जास्त किंमत मोजतं. चौथा माणूस नाही.

मग या तिघांत वाटणी कशी होते? कर कमी झाल्यावर काय घडतं, हे पाहिलं की अंदाज येतो.

२० सप्टेंबर २०१९. जीएसटी परिषदेची बैठक गोव्यात होती. त्या सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत जाहीर केलं, की इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना मूळ कर ३० ऐवजी २२ टक्के. मोठ्या कंपनीचा अधिभार आणि उपकर धरून एकूण दर सुमारे ३५ वरून २५.१७ टक्क्यांवर आला. म्हणजे १०० कोटी नफ्यामागे जवळजवळ १० कोटी वाचले. सरकारी तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा फटका बसेल, असा सरकारचाच अंदाज होता.

त्याच दिवशी सेन्सेक्स १,९०० अंकांहून जास्त वर गेला. वाचलेला पैसा बहुतांशी भागधारकाकडे राहील, असा बाजाराचा हिशेब होता.

गिऱ्हाइकाला काय मिळालं? आमच्या गुरुग्राम-मानेसरचंच उदाहरण घ्या. पाच दिवसांनी मारुती सुझुकीने काही मॉडेलच्या किमती ५,००० रुपयांनी उतरवल्या आणि त्या वेळी करकपातीचाही उल्लेख केला. पाच लाखांच्या गाडीवर हा एक टक्का झाला. पण त्याच महिन्यात मागणी नसल्यामुळे कंपनीने हे दोन्ही कारखाने दोन दिवस बंद ठेवले होते. गाड्या खपत नसताना किंमत उतरवावीच लागते. तेव्हा त्या ५,००० मध्ये करकपात किती आणि मंदी किती, हे वेगळं काढता येत नाही.

आणि कामगार? २०२३-२४च्या आर्थिक पाहणीत ३३ हजारांहून जास्त कंपन्यांचा हिशेब आहे. २०१९-२० ते २०२२-२३ या काळात त्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला. नोकरभरती आणि पगारवाढ मात्र त्या मानाने मागे राहिली. करपूर्व नफा वाढला तो करकपातीमुळे नव्हे, त्याची कारणं वेगळी. पण कंपनीच्या हाती पैसा आला की तो आपोआप पगारात उतरत नाही, एवढं त्यातून दिसतं.

यामागचा नियम सोपा आहे. ज्याला निसटता येतं तो निसटतो, आणि ओझं जागचा न हलणाऱ्यावर पडतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्नल्ड हार्बर्गर यांनी १९६२ मध्ये मांडलं, की भांडवल देशाबाहेर जाऊ शकत नसेल तर कराचा भार मुख्यतः भांडवलाच्या मालकांवर पडतो. आज भांडवल एका क्लिकवर परदेशी जातं. मानेसरचा कंत्राटी कामगार जाऊ शकत नाही. जर्मनीत नगरपालिका आपापला व्यवसायकर ठरवतात. तिथल्या २०१८ च्या एका अभ्यासात वाढीव कराचा सुमारे निम्मा भार पगारावर पडलेला आढळला.

शिवाय भागधारक म्हणजे फक्त शेठजी, असंही नाही. २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग शेअर बाजारात जातो. म्हणजे तुमच्या पीएफवर या कराचा थोडा परिणाम होतोच.

मग कंपनीकर नकोच का? माझं मत तसं नाही. कंपन्यांकडून आला नाही तो पैसा सरकारला दुसरीकडून आणावा लागतो, नाहीतर खर्च कापावा लागतो किंवा कर्ज काढावं लागतं. २०२०-२१ मध्ये व्यक्तींच्या प्राप्तिकराची वसुली कंपनीकरापेक्षा जास्त झाली. त्याला कोविडही कारण होता, पण दर कमी केल्याचा वाटाही होताच.

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पात कंपनीकराचा दर बदलला, तर टाळी वाजवण्याआधी किंवा संतापण्याआधी तीन प्रश्न विचारा. माल महाग-स्वस्त झाला का? पगार हलला का? लाभांश किती वाटला? कर कुणी भरला, ते तिथे कळेल.

जय हिंद.