टस्कीगीचा अभ्यास लपवलेला नव्हता: एथिक्स फॉर्ममागची अमेरिका

माणसांवर काहीही करायचं असेल, मग ते रक्ताचा नमुना घेणं असो की नुसती प्रश्नावली भरून घेणं, तुमचा प्रस्ताव आधी एथिक्स कमिटीकडे जातो. पीएचडीला नाव नोंदवलेल्यांपैकी बहुतेकांना हा टप्पा म्हणजे कटकट वाटते. कुणाचा तरी जुना फॉर्म मिळवायचा, नाव आणि विषय बदलायचा, सही घ्यायची. पण त्या फॉर्ममधली काही वाक्यं नीट वाचा. 'कारण न देता तुम्ही कधीही अभ्यासातून बाहेर पडू शकता.' 'दुसरा उपचार उपलब्ध असल्यास तो तुम्हाला सांगितला जाईल.' ही वाक्यं कुणी खुर्चीत बसून सुचलेली नाहीत. त्यातल्या बऱ्याचशा वाक्यांमागे अमेरिकेतला एक जिल्हा आहे आणि १९७२ साल आहे.

अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत, टस्कीगी या गावाच्या परिसरात, १९३२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी पब्लिक हेल्थ सर्व्हिसने एक अभ्यास सुरू केला. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते, बहुतेक बटाईने शेती करणारे गरीब लोक. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता, म्हणजे ते कंट्रोल. उपचार न केल्यास हा रोग शरीरात काय काय करतो ते मरेपर्यंत बघायचं, असा हेतू. लोकांना सांगितलं काय, तर 'तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतोय'. (आपल्याकडेही 'रक्त बिघडलंय' म्हटलं की त्यात काहीही बसतं. तसंच ते होतं.) पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी 'खास मोफत उपचार' म्हणून पत्र पाठवून खपवली गेली. बदल्यात मोफत तपासणी, जेवण आणि अंत्यसंस्काराचा खर्च. हा खर्च मिळायचा, पण शवविच्छेदनाला परवानगी दिली तर.

एक गैरसमज इथेच बाजूला करू. टस्कीगीत कुणाला सिफिलिस टोचला नव्हता. त्यांना तो आधीच होता. मुद्दाम लागण करण्याचे प्रयोग १९४६ ते १९४८ दरम्यान ग्वाटेमालात झाले, तेही याच पब्लिक हेल्थ सर्व्हिसकडून, आणि ते जगासमोर आले २०१० मध्ये. टस्कीगीचा गुन्हा वेगळा आहे: औषध असून न देणं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा सर्वमान्य उपचार झाला होता. तरी या माणसांना ते मिळू नये म्हणून स्थानिक डॉक्टरांकडे त्यांच्या नावांच्या याद्या दिलेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या तपासणीत रोग सापडला की उपचार सक्तीचे होते, तिथूनही यांना वगळून घेतलं गेलं. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्याच १९४७ मध्ये न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना अमेरिकन न्यायाधीशांनीच लिहून ठेवलं होतं की, माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. हा अभ्यास गुप्त नव्हता. पहिला पेपर १९३६ मध्ये आला आणि मग दर काही वर्षांनी नवीन पेपर येत राहिले, चांगल्या वैद्यकीय जर्नल्समध्ये. 'उपचार न केलेला सिफिलिस' हे शब्द शीर्षकातच होते. संपादकांनी, रेफरींनी, वाचकांनी ते वाचले आणि पान उलटलं. १९६४ चा पेपर वाचून अर्विन शॅट्झ नावाच्या डॉक्टरने १९६५ मध्ये लेखकांना निषेधाचं पत्र पाठवलं. ते फाइलला लागलं, उत्तर गेलं नाही. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पब्लिक हेल्थ सर्व्हिसमध्येच काम करणाऱ्या पीटर बक्स्टन यांनी वरिष्ठांकडे लेखी हरकत घेतली. त्याच वर्षी ही संस्था आपल्या अनुदानावर चालणाऱ्या संशोधकांना पूर्वपरवानगीचे नियम घालून देत होती! १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली आणि ठरलं काय, तर अभ्यास चालू ठेवायचा.

पीअर रिव्ह्यूवर आपला फार विश्वास असतो. तो पद्धत तपासतो. हा प्रश्न मुळात विचारायचा होता का, हे तपासेलच असं नाही. इथे तर पद्धतही धड नव्हती. कंट्रोल गटातल्या ज्यांना पुढे सिफिलिस झाला, त्यांना सरळ रुग्णांच्या गटात टाकलं. काहींना बाहेरून कधीतरी थोडंफार औषध मिळालंच होतं, म्हणजे 'उपचार न केलेला' हेही खरं राहिलं नव्हतं.

मग १९७२ मध्ये असं काय घडलं? बक्स्टन यांनी कागदपत्रं पत्रकारांकडे दिली, असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांची बातमी २५ जुलैला आली आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती. पण माहिती तर छत्तीस वर्षं ग्रंथालयात पडून होती. बदलला होता तो देश. १९३६ मध्ये अलाबामातल्या कृष्णवर्णीय शेतमजुराला मतदान जवळपास अशक्य होतं. मधल्या काळात शेजारच्या माँटगोमेरीत १९५५ चा बस बहिष्कार झाला, १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, सेल्माच्या मोर्चानंतर १९६५ चा मतदान हक्क कायदा आला. या माणसांच्या बाजूने खटला भरणारे वकील फ्रेड ग्रे म्हणजे बस बहिष्काराच्या वेळी रोझा पार्क्स यांचे वकील! हा योगायोग नाही. नागरी हक्क चळवळीने तयार केलेली माणसं आणि तयार केलेले कान, दोन्ही आता हजर होते.

पुढचं भराभर घडलं. नोव्हेंबर १९७२ मध्ये अभ्यास बंद झाला, १९७३ मध्ये सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, १९७४ मध्ये एक कोटी डॉलर्सची तडजोड झाली. १२ जुलै १९७४ रोजी निक्सन यांनी नॅशनल रिसर्च अ‍ॅक्टवर सही केली. वॉटरगेटमुळे त्यांचा राजीनामा यायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. त्या कायद्याने सरकारी पैशातल्या संशोधनासाठी संस्थांना परीक्षण समित्या बंधनकारक केल्या आणि एक आयोग नेमला. आयोगाचा १९७९ चा बेलमाँट अहवाल जेमतेम काही पानांचा आहे, मूळ इंग्रजीतून एकदा वाचाच. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वं. तिसऱ्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो: संशोधनाचा भार कुणावर आणि फायदा कुणाला? सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत 'सॅम्पल पटकन मिळतात' म्हणून तिथेच जाणाऱ्या प्रत्येकाने यावर थांबून विचार करायला हवा.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. तोवर त्या सहाशेतले आठ जण उरले होते.

आपल्याकडे आयसीएमआरचं पहिलं धोरण-निवेदन १९८० चं, सध्या वापरतो ती मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची. सहभागीला वाचता येत नसेल तर अंगठ्याबरोबर निष्पक्ष साक्षीदाराची सही लागते, मोबदला आमिष ठरेल इतका नको, हे सगळं त्यात आहे. फॉर्ममध्ये तुमचा खरा कस लागतो तो मराठी माहितीपत्रकात. 'विशेष तपासणी', 'आवश्यक प्रक्रिया' असले शब्द तिथे सहज येतात आणि 'खास मोफत उपचार'च्या फार जवळ जातात. सुई कुठे टोचणार, किती रक्त घेणार, दुखेल का, याचा तुम्हाला काही फायदा आहे की नाही, हे साध्या वाक्यात लिहा. मग मार्गदर्शकांना दाखवायच्या आधी ते घरातल्या विज्ञान न शिकलेल्या कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, 'यात तुझ्यासोबत नक्की काय करणार आहेत?'