पादचारी व सायकल पूल
केवळ पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी बांधलेला पूल. रस्ता, ओढा वा नदी यांमुळे विभागलेले विद्यापीठाच्या परिसराचे भाग जोडण्यासाठी त्याची योजना करतात. त्यावर मोटारी जात नसल्याने त्याचे बांधकाम हलके असले तरी चालते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही.

भार : सारोळे (ता. भोर, जि. पुणे) येथे पुणे–बंगळूरू महामार्ग नीरा नदी ओलांडतो. अशा महामार्गावरील पुलाच्या अभिकल्पात (आराखड्यात) मालमोटारींच्या आसांवरील भार महत्त्वाचा असतो. त्याच नदीवर पादचारी पूल बांधावयाचा झाल्यास गर्दीचा भार निर्णायक ठरेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेनुसार पादचाऱ्यांसाठी सामान्यतः दर चौ. मी.स ४०० किग्रॅ. व जेथे यात्रा-जत्रांची दाटी होते तेथे ५०० किग्रॅ. भार धरतात. या दुसऱ्या हिशोबाने ३० मी. लांब व ४ मी. रुंद पुलावर ६० टन भार येतो. पदवीदान समारंभासारख्या प्रसंगी विद्यापीठातही दाटी होते. म्हणून केवळ रोजची वर्दळ पाहून अभिकल्प करीत नाहीत.

कंपन : माणूस सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. पुलाची स्वाभाविक कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) चालण्याच्या लयीशी जुळल्यास पूल हेलकावू लागतो. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये खुला होताच गर्दीमुळे बाजूंना झुलू लागला. कंपनशोषक बसवून तो २००२ मध्ये पुन्हा खुला करण्यात आला.

सायकलमार्ग : चढ शक्यतो २० मी. अंतरास १ मी.पेक्षा अधिक ठेवीत नाहीत. सायकलस्वाराचा गुरुत्वमध्य उंच असल्याने कठडाही अधिक उंच लागतो. पादचारी व सायकली यांच्या मार्गिका वेगळ्या ठेवणे इष्ट असते. नदीवरील पुलाचा तळ महापुराच्या पातळीच्या वर ठेवतात.

देखभाल : अमेरिकेतील फ्लॉरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाचा बांधकामाधीन पादचारी पूल १५ मार्च २०१८ रोजी कोसळून सहा जण दगावले. अभिकल्पाच्या गणितातील चुका हे त्याचे कारण चौकशीत आढळले. तडे दिसूनही खालील रस्ता बंद केलेला नव्हता. कुंडमळा (ता. मावळ, जि. पुणे) येथील इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. यास्तव पावसाळ्यापूर्वी पुलाची तपासणी करणे आणि तो धोकादायक आढळल्यास केवळ सूचनाफलक न लावता प्रत्यक्ष बंद करणे आवश्यक असते.