व्हॉल्व्ह कोणाला ठाऊक?

गावाच्या कारभारात दोन तऱ्हेची माणसे असतात. ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हा जिल्हा परिषदेचा नोकर. गावात ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून येतो, काही वर्षांनी बदलून जातो. पाणीपुरवठा कर्मचारी, शिपाई, दिवाबत्तीवाला हे मात्र ग्रामपंचायतीचे स्वतःचे, बहुधा त्याच गावचे.

यांतला पाणी सोडणारा गेला, तर काय जाते? कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की वरच्या आळीला पाणी चढते, जुनी लाइन कुठल्या ओट्याखालून गेली आहे, हे नकाशात नसते. त्याच्या डोक्यात असते. नवा माणूस हे शिकेपर्यंत निम्मे गाव टँकरची चौकशी करू लागते.

तरी अशा माणसाला धरून ठेवणे ग्रामपंचायतीला जड जाते. पगार बराचसा घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवर अवलंबून. वसुली थकली की पगार थकतो, आणि माणूस एमआयडीसीची वाट धरतो. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी आधी आपली पाणीपट्टी भरावी!

बढतीची एक वाट आहे. जिल्हा परिषदेच्या वर्ग ३ आणि वर्ग ४ मधील पदांपैकी १० टक्के जागा पात्र ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी राखीव असतात. आशा दाखवून माणूस टिकवायची ही सोय चांगलीच. पण भरती रखडली की सेवाज्येष्ठता यादीतले नाव नुसतेच म्हातारे होते. शिवाय निवड झालीच, तर तो गाव सोडणार. म्हणून हाताखाली दुसरा गडी आधीच तयार करायला हवा, आणि व्हॉल्व्हच्या जागा निदान एका वहीत उतरवून घ्यायला हव्यात.