चाकाला मोकळीक किती?

माथेरानची छोटी रेल्वे 1907 साली सुरू झाली. मार्गात 20 मीटरला 1 मीटर चढ आणि तीव्र वळणे. चढावर पकडीसाठी इंजिनाची सहाही चाके फिरवायला हवीत. पण घट्ट बसवलेले तीन आस वळणात अडतात. म्हणून तिथल्या पहिल्या वाफेच्या इंजिनांत टोकाचे दोन आस पोकळ होते. आतला भरीव आस त्यांना फिरवी, तरी ते थोडे बाजूला सरकू शकत.

स्पर्धेसाठी छोटा यंत्रमानव करताना आपल्यापुढे हाच प्रश्न येतो. सर्वदिशा चाकाच्या परिघावर छोटे आडवे रोलर असतात. त्यामुळे ते पुढे जोर लावते, बाजूला मात्र मोकळे घरंगळते. अशी तीन चाके 120 अंशांवर बसवली, की यंत्रमानव न वळता हव्या त्या दिशेला जातो. पण एखाद्या चाकाला आडवा धक्का बसला, तर तो थोपवायला उरलेली दोनच चाके असतात. म्हणून सपाट फरशीवर चपळाई हवी असेल तर ही चाके निवडू. चढ किंवा ढकलाढकली असेल तर साधी रबरी चाकेच बरी.