गेमपॅडवाला : कच्चं लिंबू की लबाड?

ऑनलाइन गेममध्ये पॅड घेऊन उतरणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसतात. हरला की ‘पॅडवर कोण खेळतं रे?’ आणि जिंकला की ‘एम असिस्टच्या (नेम धरायला गेमकडून मिळणाऱ्या मदतीच्या) जिवावर उड्या!’ दोन्ही टोमण्यांत थोडं तथ्य आहे. ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, हे मात्र गेमनुसार बदलतं.

गैरसमज १ : कीबोर्ड-माउसपुढे पॅडवाल्याचा टिकाव लागत नाही.

वस्तुस्थिती : नेम धरण्याच्या गेममध्ये हे बरंचसं खरं आहे. माउस जितका सरकवाल तितकीच नजर वळते. हात थांबला की तीही थांबते. पॅडवरच्या अंगठ्याने हलवायच्या स्टिकचं काम पंख्याच्या रेग्युलेटरसारखं : ती किती वाकवली त्यावर वळण्याचा वेग ठरतो आणि सोडेपर्यंत वळणं चालूच राहतं. पाठीमागून गोळीबार झाला तर माउसवाला मनगटाच्या एका झटक्यात मागे फिरतो. पॅडवाल्याला स्टिक टोकापर्यंत ढकलून वळण पूर्ण व्हायची वाट बघावी लागते, वर नेमक्या क्षणी ती सोडावी लागते. म्हणूनच ‘काउंटर-स्ट्राइक’च्या मोठ्या स्पर्धांत सगळ्यांच्या हाती माउसच दिसतो.

आता २०१५ साली आलेला ‘रॉकेट लीग’ घ्या. यात गाड्या फुटबॉल खेळतात. कीबोर्डची कळ एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली, आणि चार कळा मिळून आठच दिशा देतात. स्टिकला मधलं सगळं कळतं. हवेत उडालेल्या गाडीचं नाक जरासं वर आणि त्याहून कमी डावीकडे न्यायचं असेल, तर अंगठ्याची एक हलकी तिरपी हालचाल पुरते. कीबोर्डवाल्याला तेच काम कळा टपटप दाबून-सोडून साधावं लागतं. या गेमचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू पॅड वापरतात ते यामुळेच.

‘फायनल फँटसी १४’ हा हजारो जणांनी एकत्र खेळायचा गेम पीसी आणि प्लेस्टेशन या दोन्हींसाठी बेतला गेला. त्यात एक ट्रिगर धरला की आठ बटणांवर आठ कृती येतात, दुसरा धरला की आणखी आठ. त्यामुळे पॅडवालेही अवघड मोहिमांत बरोबरीने उतरतात.

गैरसमज २ : एम असिस्ट म्हणजे कंपनीने दिलेलं चीटिंग.

वस्तुस्थिती : एम असिस्ट तुमच्या वतीने शत्रू शोधत नाही आणि गोळीही झाडत नाही. नेम शत्रूच्या जवळ आला की एम असिस्टमुळे दोन गोष्टी होतात. स्टिकचा वेग थोडा मंदावतो, आणि काही गेममध्ये शत्रू हलला की नजरही त्याच्यामागे थोडी वळते. अंगठ्याची मर्यादा भरून काढण्यासाठी ही सोय आहे.

तक्रार होते ती दुसऱ्या भागाबद्दल, आणि ती रास्त आहे. शत्रूने दिशा बदलल्यावर माणसाला ते दिसून हात हलायला वेळ लागतो. सॉफ्टवेअरला तसा वेळ लागत नाही. जवळच्या झटापटीत हा फरक जाणवतो. म्हणून ‘एपेक्स लेजेंड्स’मध्ये कन्सोलवर या मदतीचं प्रमाण ०.६ होतं, तर माउसवाल्यांशी गाठ पडते त्या पीसीवर ०.४. ऑगस्ट २०२४ मध्ये पीसीवरच्या सामन्यांत ते आणखी एक चतुर्थांशाने उतरवलं गेलं. मदत किती असावी यावर वाद घालायला जागा आहे. ती वापरणारा मात्र नियमातच खेळत असतो.

गैरसमज ३ : अडॅप्टर लावून माउसच पॅड म्हणून खपवला, तर कुणाला कळणार?

वस्तुस्थिती : कळतं. माउसची अचूकता आणि पॅडचा एम असिस्ट एकदमच लाटणारी अशी उपकरणं बाजारात मिळतात. २०२३ मध्ये युबिसॉफ्टने ‘रेनबो सिक्स सीज’मध्ये ‘माउसट्रॅप’ आणला. असं उपकरण सापडलं की तो त्या खेळाडूच्या हालचालींना मुद्दाम विलंब लावतो. त्याच वर्षी ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या लबाडी पकडणाऱ्या ‘रिकोशे’ यंत्रणेनेही अशा उपकरणांवर कारवाई सुरू केली. लबाडी म्हणायची तर ती ही.

गैरसमज ४ : पॅड जोडला की कुठलाही ऑनलाइन गेम खेळता येतो.

वस्तुस्थिती : ‘व्हॅलोरंट’ हा नेमबाजीचा गेम पीसीवर पॅड घेतच नाही. २०२४ मध्ये तो कन्सोलवर आला, पण कन्सोलवाले आणि पीसीवाले एकमेकांसमोर येत नाहीत. आपल्याकडे घरोघरी पोचलेला मोबाइलवरचा ‘बीजीएमआय’ही पॅडला अधिकृत मान्यता देत नाही, मॅपिंगचं ॲप टाकून तो चालवणं म्हणजे अकाउंटवर पाणी सोडायची तयारी. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मोबाइल’मध्ये पॅड चालतो आणि पॅडवाल्यांची गाठ पॅडवाल्यांशीच घालून दिली जाते.

पीसीवर आणखी एक मेख असते. एक्सबॉक्स ३६० च्या काळात आलेली ‘एक्सइनपुट’ पद्धत आजचे बहुतेक गेम ओळखतात, जुनी ‘डायरेक्टइनपुट’ ओळखतीलच असं नाही. स्वस्त पॅडवर बऱ्याचदा या दोन पद्धती बदलायचं बटण असतं. पॅड जोडूनही गेम ढिम्म असेल, तर आधी ते बटण बघा. प्लेस्टेशनचा पॅड असेल तर स्टीममधलं ‘स्टीम इनपुट’ चालू करा.

गैरसमज ५ : वायरलेस पॅड म्हणजे लॅग आलाच.

वस्तुस्थिती : पॅड सेकंदाला १२५ वेळा माहिती पाठवत असेल, तर दोन निरोपांत ८ मिलिसेकंद जातात, १,००० वेळा पाठवत असेल, तर १. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र जाऊन दुसरं यायलाच सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात. चांगल्या डोंगलवर चालणारा पॅड वायरीच्या फार मागे राहत नाही. गर्दीच्या ठिकाणी ब्लूटूथ अडखळू शकतं, हे मान्य. तरीही पॅडला दोष देण्याआधी टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू आहे का आणि पिंग किती येतोय, हे तपासा. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो.

गैरसमज ६ : स्टिक ड्रिफ्ट झाली की पॅड भंगारात; आणि चांगलं खेळायचं तर महागडाच पॅड हवा.

वस्तुस्थिती : हात न लावता पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागलं की तो ड्रिफ्ट. नेहमीच्या स्टिकमध्ये एक छोटी पट्टी कार्बनच्या थरावर घासत असते. थर झिजला किंवा धूळ गेली की चुकीचे आकडे जातात. विंडोजमध्ये ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ उघडा, पॅड टेबलावर ठेवा आणि अधिकचं चिन्ह मध्यावर थांबतं का ते बघा. किंचित हलत असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन (मध्याजवळची हालचाल गेम जिथे मोजत नाही तो भाग) थोडा वाढवला तरी भागतं. जास्त हलत असेल, तर स्टिकचं मॉड्यूल बदलता येतं. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबकाने मोजणी होते, त्यामुळे ही झीज टळते. हे तंत्र नवं नाही. सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टच्या पॅडमध्येही ते होतं.

आणि महागड्या पॅडचं म्हणाल, तर २०१४ मध्ये ‘इव्हो’ या मारामारीच्या गेमच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चं विजेतेपद फ्रान्सच्या ‘लफी’ने पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर पटकावलं होतं.

तेव्हा दुकानात जाण्याआधी आपण रोज कोणता गेम खेळतो ते बघा. फुटबॉल, गाड्या, मारामारी असेल तर खुशाल पॅड घ्या. नेमबाजी असेल तर तो गेम पॅड घेतो का आणि एम असिस्ट देतो का, हे विचारून मगच पैसे मोजा. ‘व्हॅलोरंट’च खेळायचा असेल, तर त्या पैशांत चांगला माउस येईल.